कोरिओग्राफी: शब्द लिहिण्याचा, काम बसवण्याचं

बाई, तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवरून शिक्षकखोलीत जो वाद झाला, तो तुम्ही सविस्तर कळवलात हे फार बरं केलंत. एक सर म्हणाले, ‘कोरिओग्राफी’ हा शब्द ‘कोरणे’ वरून आलाय. दुसऱ्या बाई म्हणाल्या, ‘कोरस’वरून. तिसऱ्यांचं म्हणणं, स्टेप्स बसवल्या की झाली कोरिओग्राफी, त्यात एवढं काय. आणि तुम्ही मला विचारलंत की शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून आणि पत्रिकेवर मराठीत काय छापायचं. गेली एकतीस वर्षं मी सोलापुरात कथक शिकवते आहे. हा प्रश्न मला विशारदच्या तोंडी परीक्षेला बसणाऱ्या मुलींनी विचारलाय, मंडळाच्या कार्यकर्त्यांनी विचारलाय, पण पत्रिका छापायच्या आधी कुणी विचारल्याचं आठवत नाही. म्हणून जरा बैजवार सांगते.

‘कोरस’वाल्या बाई बरोबर आहेत, निदान अर्ध्या शब्दापुरत्या. ‘कोरणे’शी या शब्दाचं काहीही नातं नाही. पण त्या सरांना हसू नका. नृत्य दगडात खरोखर कोरलेलं आहे, तेही मराठ्यांनी पुढे राज्य केलं त्या तंजावरात. राजराज चोळाने बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या वरच्या मजल्यावर, गाभाऱ्याभोवतीच्या भिंतीवर, नाट्यशास्त्र या जुन्या संस्कृत ग्रंथातली करणं, म्हणजे हात-पाय यांचा मेळ घालून केलेल्या नृत्याच्या मुद्रा-हालचाली, एकेक करून कोरली आहेत. एकूण १०८ करणांपैकी ८१ पुरी झाली. उरलेल्या जागा कोऱ्या राहिल्या. ते दगड कुणासाठी तरी थांबल्यासारखे तसेच आहेत. तेव्हा शब्दाची व्युत्पत्ती चुकली तरी सरांच्या मनात आलेलं चित्र खोटं नाही.

आता मूळ शब्द. ग्रीक भाषेत ‘खोरोस’ म्हणजे एकत्र नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचा समूह, आणि त्यांचं ते नाचणं म्हणजे ‘खोरेइया’. प्लेटोने आपल्या ‘लॉज’ या ग्रंथात स्पष्टच म्हटलंय की खोरेइया म्हणजे नाच आणि गाणं दोन्ही मिळून. तिथेच तो ‘खोरोस’चा संबंध ‘खारा’ म्हणजे आनंद या शब्दाशी जोडतो. ती व्युत्पत्ती आज कुणी खरी मानत नाही, पण प्लेटोलाही शब्दाच्या आवाजावरून अर्थ लावायचा मोह झाला, हे तुमच्या सरांना जरूर सांगा. नाटकगृहात प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या खाली जी मोकळी गोल जागा असे, जिथे हा समूह नाचे, तिला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणत, म्हणजे नाचायची जागा. वादकांच्या ताफ्याला तेच नाव पडलं ते पुष्कळ नंतर.

मला यात सगळ्यात आवडते ती त्यांची कामाची वाटणी. समूहाला शिकवणारा तो ‘खोरोदिदास्कालोस’, सरळ अर्थ समूहाचा मास्तर. आणि सगळा खर्च उचलणारा श्रीमंत नागरिक तो ‘खोरेगोस’. म्हणजे आपल्या मंडळाचा आधारस्तंभ म्हणा ना! अथेन्समध्ये नाच बसवणाऱ्याला वेगळी पदवी नव्हती. तो शिकवणारा होता. आपल्याकडेही परवापरवापर्यंत ‘डान्स मास्तर’ हाच शब्द होता, आणि माझ्या मते तो कमीपणाचा शब्द कधीच नव्हता.

खोरेइया म्हणजे काय ते पाहायला अथेन्सला जायची गरज नाही. नवरात्राच्या दिवसांत संध्याकाळी आपल्या शहराच्या पूर्व भागात जा. तेलुगू घरांतल्या बायका बतुकम्मा मांडतात. ताटात खाली रुंद आणि वर निमुळती होत जाणारी फुलांची रास, मधोमध ठेवलेली. भोवती फेर. एकजण गाण्याची ओळ उचलते, बाकीच्या ‘उय्यालो’ म्हणून झेलतात. पाऊल पुढे टाकताना वाकायचं, टाळी खाली वाजवायची, सरळ होताना टाळी वर, आणि तेवढ्यात फेर एक पाऊल सरकलेला असतो. मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा एका आजीच्या पायांकडेच बघत राहिले होते. गुडघे दुखत असावेत, कारण ती वाकत नव्हती. नुसती मान आणि मनगट झुकवायची. पण टाळी नेमकी सगळ्यांबरोबर. फेराने तिला सामावून घेतलं होतं. गाणं वेगळं नाही, नाच वेगळा नाही, नाचणारी आणि बघणारी वेगळी नाही. आपल्या भोंडल्याचा फेरही याच जातीचा. शब्दाचा पहिला अर्धा भाग हा असा आहे: एकट्याचा नव्हे, सगळ्यांचा.

दुसरा अर्धा ‘ग्राफी’, म्हणजे लिहिणं. भूगोलाला जिओग्राफी म्हणतात, त्यातला तोच ग्राफी. तेव्हा कोरिओग्राफी शब्दाचा अक्षरशः अर्थ नृत्यलेखन. बसवणं नाही, रचणं नाही, दिग्दर्शन तर मुळीच नाही. कागदावर नाच लिहून काढणं.

हा शब्द घडला तोच या अर्थाने. १५८९ साली फ्रान्समध्ये थ्वानो आर्बो या टोपणनावाने एका धर्मोपदेशकाने नृत्यावर पुस्तक छापलं, त्याचं नाव ‘ऑर्केसोग्राफी’. त्यात सुरांच्या शेजारी पावलांची नावं लिहिलेली होती. पण ‘कोरिओग्राफी’ हे नाव रुळवलं ते राऊल ओझे फय्ये याने. १७०० साली पॅरिसमध्ये त्याने ‘कोरेग्राफी’ नावाचं पुस्तक काढलं आणि मुखपृष्ठावरच अर्थ सांगून टाकला: नृत्याचं वर्णन चिन्हांनी करण्याची कला.

फय्येच्या पुस्तकातलं एक पान तुम्हाला दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. पान म्हणजे नाचायच्या खोलीची जमीन, वरून पाहिलेली. पानाचा वरचा भाग म्हणजे जिथे राजा किंवा मानाचा पाहुणा बसलाय ती बाजू. अगदी वर सुरांच्या ओळी. खाली नर्तक जमिनीवरून कसा फिरणार त्याची वळणदार रेघ, नदीसारखी. रेघेच्या डाव्या-उजव्या अंगाला डाव्या-उजव्या पायाची चिन्हं: टिंब म्हणजे पाय कुठून निघाला, शेपटी म्हणजे कुठे पोचला. त्यावर बारीक खुणा म्हणजे वाकणं, उठणं, उडी, गिरकी. आणि संगीताच्या प्रत्येक मापाला रेघेवर एक आडवा छेद. युरोपभरचे नृत्यशिक्षक अशी पानं मागवून पॅरिसचे नाच आपापल्या गावात शिकवत.

सोलापूरच्या माणसाला हे चटकन कळावं, कारण आपल्याकडे चादर अशीच निघते. जाकार्डच्या चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात, त्याला ग्राफच म्हणतात. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. कार्डांची माळ मागावर चढली की मग कापड. नक्षी सुचणारा एक, ग्राफ काढणारा आणि कार्ड पाडणारा दुसरा, माग चालवणारा तिसरा. सन १७०० चा कोरिओग्राफर म्हणजे यातला ग्राफ काढणारा. आजचा कोरिओग्राफर म्हणजे नक्षी सुचणारा. शब्द तोच राहिला आणि माणूस बदलला.

त्या पुस्तकावरून भांडणही झालं होतं. ही चिन्हांची पद्धत मुळात बसवली होती चौदाव्या लुईच्या दरबारातल्या पिएर बोशाँ या नृत्यगुरूने. बॅले शिकणाऱ्या मुली आजही पायांच्या ज्या पाच मूळ स्थितींपासून सुरुवात करतात, त्यांचं श्रेय त्यालाच देतात. पद्धत त्याची, पुस्तक फय्येचं. बोशाँने १७०४ साली दाद मागितली, पण जगात ती लिपी आजही फय्येच्या नावाने ओळखली जाते. ज्याने छापलं त्याचं नाव राहिलं. ‘कोरिओग्राफी’ शब्दाच्या जन्माच्या वेळीच श्रेय कुणाचं हा तंटा आहे, आणि तुम्ही पत्रिकेबद्दल विचारताय तोही शेवटी तोच आहे.

मग अर्थ सरकला कसा? हळूहळू. नृत्य लिहिण्यासाठी नव्या पद्धती निघाल्या. रूडॉल्फ लाबानने १९२८ मध्ये आपली नृत्यलिपी प्रसिद्ध केली, आणि ‘लिहिण्या’ला स्वतंत्र नावं मिळत गेली. इकडे नाच रचणारा माणूस रंगमंचावर महत्त्वाचा होत चालला होता, त्याला नाव हवं होतं. कोरिओग्राफ हा शब्द त्याच्याकडे गेला. सेर्ज लिफार या बॅले-नर्तकाला हे खटकलं. १९३५ च्या सुमारास त्याने आग्रह धरला की रचणाऱ्याला ‘कोरेओतर’ म्हणजे नृत्याचा कर्ता म्हणा, कारण ‘ग्राफ’वाला हा लेखनिक. म्हणणं बिनतोड होतं, तरी शब्द चालला नाही. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द उठवणं कुणाला जमलंय? १९३६ मध्ये बॅले रचणाऱ्या जॉर्ज बॅलनशिनने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या एका संगीत नाटकासाठी ‘कोरिओग्राफी’ असा श्रेयनिर्देश मागून घेतला. तोवर तिथे ‘नाच अमक्याने बसवले’ अशा अर्थाचं काहीतरी छापत.

भारतात हा शब्द आला तो समूहनृत्याच्या नव्या प्रयोगांबरोबर. कथक काय, भरतनाट्यम काय, मुख्यतः एकट्याने करायचं नृत्य. १९२३ मध्ये रशियन बॅले-नर्तकी अ‍ॅना पावलोवाबरोबर काम केलेले नर्तक उदय शंकर पुढे स्वतःचा संच घेऊन फिरले आणि त्यांनी अल्मोड्याला केंद्र काढलं. मादाम मेनका यांनी कथक समूहात मांडलं, खंडाळ्याला नृत्यालय चालवलं. या मंडळींना नुसता गुरू किंवा नर्तक म्हणून भागेना, कारण ते वीस अंगांचा एक आकार घडवत होते. हिंदी सिनेमात मात्र ‘मास्टरजी’ आणि ‘डान्स डायरेक्टर’ फार वर्षं टिकले. फिल्मफेअरने कोरिओग्राफीचं पारितोषिक सुरू केलं ते १९८९ मध्ये, आणि पहिलं गेलं सरोज खान यांना, ‘तेजाब’मधल्या नृत्यासाठी. त्यानंतर आपल्या गल्लीतल्या क्लासच्या पाटीवरही हा शब्द यायला वेळ लागला नाही.

मग त्याआधी आपल्याकडे शब्दच नव्हता का? इथे मला थोडं थांबायचंय, कारण इंग्रजी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द पाडण्याच्या घाईत आपण घरातला ऐवज पाहत नाही.

नाट्यशास्त्राचा चौथा अध्याय उघडा. हात आणि पाय यांचा मेळ ते ‘करण’. दोन करणं मिळून ‘मातृका’. अशी सहा, सात, आठ, नऊ करणं गुंफली की ‘अंगहार’. अंगहार ३२ सांगितले आहेत. हे झालं एका अंगाचं व्याकरण. पण त्याच अध्यायात समूहाचंही आहे, आणि ते फारसं कुणी शिकवत नाही. त्याला ‘पिंडीबंध’ म्हणतात. त्याचे चार प्रकार: पिंडी, म्हणजे सगळ्याजणी एकवटून एक गोळा, शृंखलिका, म्हणजे साखळी, लताबंध, म्हणजे वेलीसारखी गुंफण, आणि भेद्यक, म्हणजे गट फुटून प्रत्येकीने सुटं होणं. मी वर्गात इंग्रजी ‘फॉर्मेशन’ म्हणणं सोडलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. दहा वर्षांच्या मुलीला ‘साखळी करा, आता वेल, आता फुटा’ म्हटलं की ती क्षणात करते. तेच ‘फॉर्मेशन टू’ म्हटलं की शेजारणीकडे बघते.

हे सगळं दूर कुठे घडलं असंही नाही. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याला उमरगा ओलांडून गेलं की जवळच बसवकल्याण आहे. तीच चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये नृत्यविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. पुढच्या शतकात देवगिरीला सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याचा सातवा अध्याय नर्तनाचा. त्यात शास्त्रातल्या १०८ करणांखेरीज उड्यांची ३६ देशी करणं दिली आहेत, म्हणजे लोक प्रत्यक्ष जे करत होते त्याची दखल.

आणि मराठीच हवी असेल तर तंजावरला परत चला. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या नावावर मराठी नृत्यरचनांचा एक संग्रह आहे, ‘कोर्वेयांचे साहित्याचे जिन्नस’. यातलं ‘कोर्वे’ म्हणजे तमिळ ‘कोर्वै’: मणी ओवावेत तशी ओवणी. जयजयकारापासून मंगळापर्यंत एकेक जिन्नस एकाच कथेच्या धाग्यात ओवलेले, त्या सगळ्या ओवणीला निरूपण म्हणायचं. हे मराठी साहित्य पुन्हा रंगमंचावर यावं म्हणून नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमारांनी मुंबईत बसून फार कष्ट घेतले. हाही ‘कोर’च, पण ग्रीक नव्हे. नृत्याच्या रचनेला मराठी हस्तलिखितात ‘ओवणी’ या अर्थाचा शब्द वापरात होता, हे कळलं त्या दिवशी मला झोप लागली नव्हती.

आता आपला रोजचा शब्द. तुमचे तिसरे सहकारी सहज बोलून गेले, ‘स्टेप्स बसवल्या की झालं’. त्यांनी तो कमी लेखण्यासाठी वापरला, पण क्रियापद अचूक वापरलं. आपण नाच ‘बसवतो’. नाटक बसवतो, गाण्याला चाल बसवतो, अंगठीत खडा बसवतो, घरी गणपती बसवतो, विस्कटलेल्या संसाराची घडी बसवतो. जे मोकळं, सुटं, अस्थिर आहे त्याला त्याच्या जागी पक्कं करणं. आणि गंमत अशी की बसवणारा बसवतो आणि मग ते आपलं आपण बसतं: बोल जिभेवर बसतात, ताल पायात बसतो, हात बसतो. ग्रीक शब्दाला समूह दिसला, लिहिणं दिसलं, पण हा तिसरा भाग दिसला नाही. माझ्या डोक्यातली गोष्ट सोळा परक्या शरीरांत जाऊन राहते, तिथे तिचं घर होतं, त्याला मराठीखेरीज इतका नेमका शब्द मला कुठे सापडला नाही.

पण एक करायला हवं. ‘रचणे’ आणि ‘बसवणे’ ही दोन वेगळी कामं आहेत, ती एक समजू नका. उदाहरणच देते.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या सात मुलींचा तीनतालातला, म्हणजे सोळा मात्रांच्या तालातला, नाच होता. शेवटी तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. पाच मात्रांचा बोल, मग एक मात्रा दम, पुन्हा बोल, पुन्हा दम, पुन्हा बोल. पाच, एक, पाच, एक, पाच: सतरा. समेपासून उचलली तर सतरावी मात्रा पुढच्या समेवर. हा हिशेब माझा नाही, बोलही माझे नाहीत, ते माझ्या गुरूंकडून आले आणि त्यांच्याकडे त्यांच्या गुरूंकडून. तो झाला वारसा, बंदिश. आता माझं काम सुरू होतं. सातही जणींनी तिन्ही वेळा एकदम केलं असतं तरी टाळ्या पडल्या असत्या. मी पहिला पल्ला डावीकडच्या तिघींना दिला, प्रेक्षकांकडे पाठ करून. दुसरा उजवीकडच्या तिघींना, समोर तोंड करून. मधली सातवी, सगळ्यांत लहान, दोन्ही वेळा निश्चल उभी. तिसऱ्या पल्ल्याला ती एकटी निघते आणि बाकीच्या सहाजणी त्या पाच मात्रांत नुसत्या वळून तिच्याकडे येतात. समेवर सगळ्यांचे हात तिच्या डोक्यावर छत्रासारखे. साखळी होती, तिची पिंडी झाली. ही रचना. ही माझी.

आणि मग बसवणं. ती लहानगी दर वेळी समेवर अर्धी मात्रा उशिरा पोचायची. दोन आठवडे. मी तिला मोजायला सांगितलं, तबल्याकडे कान द्यायला सांगितलं, काही होईना. शेवटी तिच्या पायांजवळ जमिनीवर बसून पाहिलं, तेव्हा दिसलं की बारा मात्रा निश्चल उभी राहताना ती सगळा भार उजव्या पायावर टाकून उभी राहते, आणि निघायचं असतं उजव्यानेच. पाय मोकळा करण्यातच तिची अर्धी मात्रा जायची. भार डावीकडे घ्यायला सांगितला, त्याच दिवशी सम आली. रचना कागदावर अचूक होती. ती बसली तेव्हा तिच्या टाचेत बसली. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द आहे, आपल्याकडे दोन आहेत. मग आपण का गमवायचे?

आता लिहिण्याचं. वीसएक वर्षांपूर्वी मी बतुकम्माचा फेर आणि कथकचे तुकडे यांची गुंफण असलेला एक नाच रचला होता. दोन वर्षांनी एका स्पर्धेत तो जसाच्या तसा पाहिला. फेर कुठे तुटतो, पुन्हा कुठे सांधतो, सगळं तेच, आणि पत्रिकेवर कोरिओग्राफी म्हणून भलतंच नाव. मी आयोजकांकडे गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘बाई, तुमचा होता याला काही कागद?’ माझ्याकडे कागद नव्हता. माझ्याकडे फक्त मुली होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांची लग्नं होऊन त्या गाव सोडून गेल्या होत्या. त्या रात्री मी पहिल्यांदा वही घेतली.

पुढे एका वकील पालकांनी कायदा दाखवला तेव्हा मला बोशाँ आठवला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम २ मध्ये, नाट्यकृतीच्या व्याख्येत कोरिओग्राफीची कृती धरली आहे. अट अशी की तिची मांडणी लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेली हवी. त्याच व्याख्येतून चलच्चित्र मात्र वगळलंय. म्हणून मी नुसत्या मोबाईलवरच्या व्हिडिओवर विसंबत नाही. तीनशे वर्षांपूर्वी ज्या ‘ग्राफी’ने शब्द जन्मला आणि जो अर्थ आपण सगळे विसरलो, तो कायद्याने असा जपून ठेवलाय.

लिहायला लाबानची लिपी यायला हवी असं नाही. माझी वही साधी चौकटीची, गणिताची. डाव्या पानावर बोल, मात्रांच्या खाली मात्रा, सम फुलीने. उजव्या पानावर रंगमंच वरून पाहिलेला: खाली प्रेक्षक, वर पडदा. प्रत्येक मुलीला एक अक्षर, जाण्याच्या दिशेला बाण, तोंड जिकडे तिकडे छोटी चोच. एका आवर्तनाला एक चौकट. खाली तारीख, सही, आणि एक ओळ: यातलं पारंपरिक काय, माझं काय. ती शेवटची ओळ लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो आणि ती टाळू नये. बतुकम्माचा फेर माझा नाही. तो त्या गुडघे दुखणाऱ्या आजीचा आहे. त्या फेरातून कथकची गिरकी जिथून फुटते ती जागा तेवढी माझी.

तुमच्या पत्रिकेकडे येते. ‘नृत्यदिग्दर्शन’ चुकीचा नाही, पण तो सिनेमा-नाटकातून आलेला शब्द आहे. दिशा दाखवणारा कुणीतरी वर उभा आहे असा त्याचा भाव. सिनेमात शंभर नर्तक आणि कॅमेरा सांभाळणाऱ्याला तो शोभतो. शाळेच्या कार्यक्रमाला मला जड वाटतो. ‘नृत्यसंरचना’ हिंदीतून आलाय, आपल्या तोंडी बसलेला नाही. ‘नृत्यलेखन’ अर्थाने तंतोतंत, पण वाचणाऱ्याला वाटेल कुणी निबंध लिहिलाय. ‘कोरिओग्राफी’ छापलात तरी माझी हरकत नाही. तीन शतकं प्रवास करून आलेला शब्द आहे, देवनागरीत नीट दिसतो. फक्त तो कुणाच्या नावापुढे लावताय ते पाहा.

तुम्ही लिहिलंय की एकूण नऊ नाच आहेत. त्यांतले सहा सिनेमातल्या गाण्यांवरचे, मोबाईलवर पाहून जसेच्या तसे केलेले. त्यांच्यापुढे ‘नृत्य बसवले’ असं लिहा आणि ज्या बाईंनी किंवा ज्या मोठ्या मुलींनी बसवले त्यांची नावं घाला. त्यात कमीपणा काही नाही, चाळीस मुलांना एका वेळी एका पायावर आणणं ही मेहनत आहे. दोन नाच तुमच्याच शिक्षकांनी नव्याने रचले आहेत, तिथे ‘नृत्यरचना’. आणि नववा, सातवी-आठवीच्या मुलांची लेझीम. ती, तुम्ही म्हणता, शाळेतले जुने शिपाईमामा दर वर्षी घेतात, त्यांच्या वडिलांनी मंडळाच्या मिरवणुकीत शिकवलेले हात आहेत, आणि पत्रिकेत आजवर त्यांचं नाव कधी आलेलं नाही. तिथे लिहा: ‘लेझीम – पारंपरिक. बसवली:’ आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

छापायला टाकण्याआधी मामांना एकदा वाचून दाखवा. आणि वही घेऊन दोन दिवस त्यांच्याजवळ बसता आलं तर पाहा, मीही येते.